ताम्रपटापासून युनिकोडपर्यंत : आपल्या अक्षरांचा प्रवास



"तू कॉम्प्युटरवाली आहेस, नव्या तंत्रज्ञानावर काहीतरी लिही," असं फर्मान संपादक मंडळाने काढलं. कृत्रिम बुद्धिमत्तेवर सध्या इतकं बोललं जातंय की त्यात आणखी भर घालायची इच्छा होईना. पण नवं साधन हातात आलं की माणसाची नजर कशी बदलते, काय शक्य वाटायला लागतं आणि काय अशक्य, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्या रामटेकच्या परिसरात दीड हजार वर्षांचा एक धागा पडलेला आहे. तो धागा म्हणजे लिहिण्याचं तंत्र. आधी दगड आणि तांबं, मग बोरू आणि कागद, मग शिशाचे खिळे, टाइपरायटर, संगणक, आणि आता आपण बोललेलं आपोआप लिहून घेणारा मोबाइल.

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, शिक्षणाने अभियंता आहे. पण गेली वीसेक वर्षं माझं पोट अक्षरं आणि आकडे यंत्रात नीट बसवण्यावर चाललंय. त्या नजरेने हा इतिहास वाचला तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लिहिण्याचं नवं साधन घडतं, तेव्हा त्यात कोणती अक्षरं मावतील हे ठरवणारी माणसं मोजकीच असतात. त्यांच्यात आपलं कुणी असलं, तर आपल्या भाषेला जागा मिळते. कुणी नसलं, तर मिळत नाही. आणि जागा नाही मिळाली की दहा-वीस वर्षांत आपल्यालाच वाटायला लागतं की आपली भाषा त्या कामाची नाहीच.

नगरधनची राणी

नगरधन आपल्यापासून नऊएक किलोमीटरवर. सहलीला जाऊन किल्ल्याच्या तटावर आपण डबे खाल्ले, तेच नगरधन. वाकाटकांच्या काळी त्याचं नाव नंदिवर्धन होतं आणि तिथे त्यांची राजधानी होती. चौथ्या शतकाच्या शेवटी तिथून प्रभावतीगुप्ता नावाच्या राणीने राज्य चालवलं. ती उत्तरेतल्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटक राजा रुद्रसेन दुसरा याची बायको. नवरा लवकर गेला, मुलं लहान होती, तेव्हा कारभार तिने हातात घेतला.

हे आपल्याला कळतं ते ताम्रपटांमुळे. कुणाला गाव दान दिलं की त्याचा मजकूर तांब्याच्या पत्र्यांवर कोरायचा, पत्र्यांना भोक पाडून कडीत ओवायचे आणि कडीवर राजमुद्रा ठोकायची. भूर्जपत्र सडेल, ताडपत्राला वाळवी लागेल, पण तांबं टिकेल, हा हिशेब. तिचा एक ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेला आहे. दुसरा अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरला मिळाला, आणि तो रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपासून दिला असं त्यात म्हटलेलं आहे. रामगिरी म्हणजे आपला गड. हे मत ठामपणे मांडणारे आणि वाकाटकांचे सगळे लेख एकत्र करून १९६३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध करणारे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी नागपूरचे प्राध्यापक होते.

त्या अक्षरांची एक गंमत आहे. वाकाटकांच्या बहुतेक ताम्रपटांतल्या ब्राह्मी अक्षरांच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी असते. अभ्यासक तिला पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात. आपण आज अक्षराच्या डोक्यावर जशी रेघ मारतो, तशी त्या काळच्या कोरणाऱ्याच्या हाताला पेटीची सवय होती. साधन आणि हात यांच्या संगतीतून अक्षराला चेहरा मिळतो, हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते या पेट्या पाहून.

नगरधनला राज्य पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज यांनी २०१५ ते २०१८ या काळात उत्खनन केलं. त्यात मातीची एक छोटी अंडाकृती मुद्रा सापडली. वजन दहा ग्रॅमसुद्धा नाही. तिच्यावर शंख आहे आणि खाली राणीचं नाव. लग्न होऊन सासरी आलेल्या एका बाईचं नाव सोळाशे वर्षं मातीत टिकलं, कारण लेखक, कोरक्या आणि मुद्रा तिच्या हुकमात होते. त्याच नंदिवर्धनात पाणी भरणाऱ्या, दळण दळणाऱ्या, मुद्रेची माती मळणाऱ्या बायकाही असतील. त्यांच्यापैकी एकीचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. लिहिण्याचं साधन कुणाच्या हातात होतं, त्यावर कोण आठवणीत राहिलं हे ठरलं.

मोडी कुठे गेली

आता एकदम भोसल्यांच्या काळात येऊ. नागपूरकर भोसल्यांचा कारभार, जमाखर्च, पत्रव्यवहार मोडीत चालायचा. रामटेकच्या जुन्या घरांतही पेटीच्या तळाशी मोडी कागद असतात. आजोबा-पणजोबांनी जपले म्हणून आपण जपतो, पण वाचता कुणाला येत नाहीत.

मोडी ही बोरूची लिपी. आधी पानावर सलग आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरं लोंबवत न्यायची. दिवसाला ढीगभर कागद लिहिणाऱ्या कारकुनासाठी ती घडलेली होती. पोथी लिहायची तर बाळबोध, म्हणजे देवनागरी, आणि व्यवहाराला मोडी. दोन्ही लिपी एकाच माणसाच्या हातात सुखाने नांदत होत्या.

मग छपाई आली. मराठी छपाईची सुरुवात महाराष्ट्रापासून खूप लांब, बंगालमधल्या श्रीरामपूरला झाली. विल्यम केरी या मिशनऱ्याने १८०५ साली तिथे मराठीचं व्याकरण छापलं. वैजनाथ नावाचे मराठी पंडित त्याच्या मदतीला होते. नवल म्हणजे १८१० साली केरीने मराठी कोश छापला तो मोडी टाइपात. पुढच्या काही वर्षांत नागपूरच्या रघूजी भोसल्यांची वंशावळही तिथे मोडीतच छापली गेली. म्हणजे मोडी छापता येतच नव्हती, असं नाही. पण मोडीचा सगळा जीव तिच्या वेगात होता. अक्षरं सुटी करून शिशात ओतली की तो वेग जातो आणि वाचायला अवघडपणा तेवढा मागे राहतो. त्यातच इंग्रज अधिकाऱ्यांना शाळा आणि कचेऱ्यांसाठी एकच, स्वच्छ वाचता येणारी लिपी हवी होती. छापखाने बाळबोधीचे खिळे पाडत गेले, शाळेची पुस्तकं बाळबोधीत आली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतूनही गेली.

कुणी तिच्यावर रातोरात बंदी घातली नाही. नव्या साधनात ती नीट बसली नाही, एवढंच झालं. परिणाम मात्र मोठा झाला. दोन पिढ्यांत आपण आपल्याच आजोबांचे कागद वाचू शकेनासे झालो. जमिनीचा वाद निघाला की मोडी वाचणारा शोधत नागपूर गाठावं लागतं. २०२३ साली राज्यभर जुन्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, तेव्हा मोडी जाणकारांना एकदम भाव आला. ज्या लिपीला आपण कालबाह्य म्हणून सोडलं, तिच्यात माणसांचे दाखले आणि हक्क अडकलेले होते.

खिळे, कळा आणि वेलांटी

देवनागरीच्या नशिबी मात्र चांगली माणसं आली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून धार्मिक लोक छापील पुस्तकाला हात लावायला कचरत, तर या गृहस्थांनी शाईत तूप वापरलं. मला ही गोष्ट फार आवडते. यंत्र तेच, शाईतला एक पदार्थ बदलला, आणि सोवळ्यातल्या माणसाला पुस्तक चालायला लागलं. पुढे जावजी दादाजींनी १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांच्याकडचे राणोजी रावजी आरू हे पोलादावर अक्षर कोरण्यात इतके तरबेज होते की निर्णयसागरच्या टाइपाला देशभर मान मिळाला. संस्कृत ग्रंथ छापावेत तर निर्णयसागरने, असं पंडित म्हणू लागले.

तरीही देवनागरी आणि यंत्र यांचं भांडण मिटलं नव्हतं. इंग्रजीला मोठी-छोटी अक्षरं, आकडे, चिन्हं धरून शंभराच्या आसपास खिळे पुरतात. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो लागतात. जुळाऱ्याला केसमधलं प्रत्येक घर हाताला पाठ असावं लागे. टाइपरायटर आला तेव्हा अडचण आणखी वाढली. पंचेचाळीसच्या आसपास कळा, वरची-खालची धरून नव्वदएक चिन्हं. त्यात मराठी बसवायची.

आपल्यापैकी पुष्कळांनी दहावी-बारावीनंतरच्या सुट्टीत मराठी टायपिंगचा क्लास लावला होता. तीस शब्दांची परीक्षा पास झालं की सरकारी नोकरीचा दरवाजा किलकिला होतो, असं घरचे सांगायचे. त्या मशीनवर काही अक्षरं काढायला आधी अर्धं अक्षर मारायचं आणि मग काना जोडायचा. बोटांना मराठीचा एक वेगळाच अवतार शिकावा लागायचा. तोंडाने 'कि' म्हणताना क आधी येतो, कागदावर वेलांटी आधी येते, आणि बोट कागदाचं ऐकायचं.

यंत्राला अक्षर जमेना, तर अक्षरच बदलू, असाही विचार झाला. सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र अक्षरं काढून 'अि, अी, अु, अू' अशी अ चीच बाराखडी करा, खिळे कमी होतील, हे त्यांचं म्हणणं. १९५३ साली लखनौला लिपीसुधारणेची परिषद भरली. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उजवीकडे न्यावी, असं ठरलं. कारण यंत्राला मागे जाऊन वेलांटी मारणं जड जातं. हा निर्णय काही वर्षांतच मागे पडला, हे आपलं भाग्य. आज मोबाइलवर आपण आधी क आणि मग वेलांटी दाबतो, आणि यंत्र स्वतः ती उचलून डावीकडे नेऊन ठेवतं. एका पिढीने लिपीचा दोष मानला, तो पुढच्या पिढीच्या यंत्राने निमूटपणे सांभाळला. दोष लिपीत नव्हता, त्या वेळच्या यंत्रात होता.

एकशे अठ्ठावीस घरं

संगणकाच्या पोटात अक्षरं नसतात, फक्त आकडे असतात. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर म्हणायचं, याचा तक्ता आधी ठरवावा लागतो. १९६३ साली अमेरिकेत असा एक तक्ता ठरला, त्याला आस्की म्हणतात. त्यात १२८ घरं. रोमन अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि यंत्राला द्यायच्या काही सूचना यांत ती भरून गेली. ठरवणाऱ्यांच्या मनात मराठीबद्दल राग असण्याचं कारणच नव्हतं. मराठी त्यांच्या मनात नव्हतीच.

आपल्याकडे या प्रश्नावर पहिली मोठी मेहनत आयआयटी कानपूरला झाली. तिथल्या जिस्ट तंत्रज्ञानाला पुढे पुण्याच्या सी-डॅकने घर दिलं. सी-डॅक १९८८ साली सुरू झालं आणि त्याचे संस्थापक संचालक डॉ. विजय भटकर हे आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यात जन्मलेले, नागपूरला अभियांत्रिकी शिकलेले. परम महासंगणकामुळे ते सगळ्यांना माहीत आहेत. पण माझ्या लेखी त्याच संस्थेने संगणकात भारतीय अक्षरं बसवली, हे काम तितकंच मोठं. १९९१ साली इस्की हा भारतीय लिप्यांचा प्रमाण तक्ता जाहीर झाला. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी युनिकोड हा तक्ता आला, आणि त्याने देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. या वेळी आपली माणसं आधीच तयारीत होती, म्हणून देवनागरीला युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली. तीही १२८ घरांची.

त्या घरांची रचना पाहिली तर आपल्या मराठीच्या बाईंना आनंद होईल. युनिकोडमध्ये 'क्ष' हे स्वतंत्र अक्षर नाही. क, मग पाय मोडण्याचं चिन्ह, मग ष. पहिली-दुसरीत फळ्यावर शिकवलेलं 'क चा पाय मोडून ष जोडा' हे जसंच्या तसं जगभरच्या संगणकात गेलं. अक्षर कसं दिसतं हे फॉन्टवर सोडून दिलं आणि ते कशाचं बनलंय एवढंच साठवलं. टाइपरायटर आकाराचे तुकडे जोडत होता. युनिकोड उच्चाराचे तुकडे जोडतं.

पण तक्त्यात जागा मिळाल्यापासून ती आपल्या टेबलापर्यंत पोचायला वर्षं गेली. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, तिच्यासोबतचा मंगल फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. तोवर आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं आपल्याकडे जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालले. त्यांत मराठी दिसायची, पण आत इंग्रजी अक्षरंच असायची. फॉन्ट काढला की सगळा कचरा. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका कचेरीतल्या हजारो नोंदी अशा फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणायचं काम माझ्याकडे आलं. पडद्यावर नाव 'सुनंदा' दिसत होतं, पण शोधायला गेलं तर सापडत नव्हतं, कारण यंत्राच्या लेखी तिथे सुनंदा नव्हतीच, काही इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं होती. वर्णक्रम लावला तर 'अ' वाली माणसं मधेच कुठेतरी निघायची. मराठी तिथे फक्त वेष घालून उभी होती.

मोबाइलचीही तीच कथा. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसत, मराठीत ७०. मोजून पैसे देणाऱ्या आपल्या पिढीने सरळ हिशेब केला आणि 'कसा आहेस, कधी येतोस' हे रोमन अक्षरांत लिहायला सुरुवात केली. आपल्यात दहावीला मराठीत पहिली येणारी मुलगीसुद्धा रोमनमध्येच लिहायची. कॉम्प्युटर म्हणजे इंग्रजी, मोबाइल म्हणजे इंग्रजी, असं आपल्याला वाटायला लागलं ते यातूनच. मराठी माध्यमात शिकल्याची एक लाज आपल्यापैकी कितीतरी जणांनी नागपूर-पुण्याच्या कॉलेजात जाताना बरोबर नेली. तिच्यामागे बाकी काही कारणं असतीलही. पण १६० आणि ७० हे दोन आकडेही होते.

जागा मिळाल्यावरसुद्धा बारीकसारीक हक्क मागावे लागतात. आचार्यास बोलावलं की आचाऱ्यास, हा फरक मराठीत मोठा आहे. एक शिकवायला येतो, दुसरा पंगतीचा स्वयंपाक करायला. त्या ऱ्य साठी वेगळा नियम लिहावा लागला. 'ॲसिड' मधला ॲ तर कित्येक वर्षं तक्त्यात नव्हताच. लोक त्याच्या जागी 'ऍ' वापरून वेळ मारून न्यायचे. मराठीसाठी ॲ ला स्वतःचं घर मिळालं २००८ साली. आणि मराठी वळणाचे ल आणि श कसे असावेत, हे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात प्रमाण वर्णमालेसह जाहीर केलं, म्हणून फॉन्ट करणाऱ्यांना दाखवायला एक कागद झाला. प्रत्येक वेळी कुणीतरी अर्ज लिहिला, पुरावे जोडले, पाठपुरावा केला.

मोडीचंही तसंच. अंशुमन पांडे या अभ्यासकाने मोडीची अक्षरं, जुने छापील नमुने, हस्तलिखितं गोळा करून युनिकोडकडे प्रस्ताव दिला आणि २०१४ साली मोडीला जागा मिळाली. छपाईने दार लावलेल्या लिपीसाठी संगणकाने दार उघडलं, दोनशे वर्षांनी.

आता कुणाची पाळी

हे सगळं आता का सांगतेय? कारण लिहिण्याचं पुढचं साधन याच घडीला घडतंय. मोबाइलला बोलून सांगितलं की तो लिहितो, प्रश्न विचारला की उत्तर देतो. माझ्या माहितीतल्या चौथी शिकलेल्या बाई आता शेतीच्या औषधाबद्दल मोबाइललाच विचारतात. त्यांना लिहिता येत नाही याचं ओझं त्यांनी चाळीस वर्षं वाहिलं, ते एका बटणाने उतरलं. छपाईने ज्यांना बाहेर ठेवलं, त्यांना हे साधन आत घेऊ शकतं. ही लहान गोष्ट नाही.

पण हे यंत्र शिकतं कशावरून? इंटरनेटवर जे लिहिलेलं, बोललेलं आहे त्यावरून. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून जास्त. मात्र त्या मानाने आपलं यंत्राला वाचता येईल असं लेखन थोडं आहे. पुष्कळसं जुन्या फॉन्टमध्ये आहे किंवा पानांचे नुसते फोटो आहेत. शिवाय यंत्राच्या पोटात मराठी जागाही जास्त खाते. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत 'रामटेक' देवनागरीत लिहायला १८ बाइट लागतात, रोमनमध्ये ६. यंत्र शब्दांचे तुकडे पाडून शिकतं, आणि ज्या भाषेचं लेखन त्याने कमी पाहिलं, तिच्या शब्दांचे तुकडे जास्त पडतात. तुकडे जास्त म्हणजे वेळ जास्त, खर्च जास्त, चुका जास्त. एसएमएसचा हिशेब नव्या रूपात परत आलाय.

त्यातही कोणती मराठी? 'तो जेवून राहिला' असं मी लिहिलं की एक प्रणाली मला लगेच दुरुस्ती सुचवते. आपण तर जन्मभर जेवूनच राहिलो! 'काऊन', 'पोट्टे', 'मायबाई' हे शब्द चूक नाहीत, ते यंत्राने पुरेसे ऐकलेले नाहीत. पूर्वेला भंडाऱ्याकडे गेलं की झाडीबोली सुरू होते, तिचं तर आणखी कठीण. पुढच्या पिढीतलं पोर दर वेळी तांबडी रेघ पाहील आणि आजी अशुद्ध बोलते असं समजेल. टायपिंगच्या मशीनपायी एकेकाळी वेलांटीला दोष दिला गेला, तसाच हा प्रकार.

आणि आपल्या वर्गात देवलापारकडून येणारी मुलं होती, आठवतात ना? घरी गोंडी बोलायची. वर्गात गप्प बसायची. गोंडी बोलणारे देशात २०११ साली एकोणतीस लाखांच्या वर होते, पण आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातले मंगल सिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी एक लिपी तयार केली. तिला युनिकोडमध्ये घर मिळालं २०१७ साली, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. तेलंगणात जुन्या हस्तलिखितांमधून पुढे आलेल्या गुंजाळा गोंडी लिपीला २०१८ साली. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या जनजातीय कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हे भाषांतराचं साधन प्राथमिक रूपात आणलं, त्यात संथाली, भिली, मुंडारी यांच्याबरोबर गोंडीही आहे. सुरुवात म्हणून मला याचा आनंद वाटतो. ते किती चांगलं चालेल हे मात्र गोंडी बोलणारी किती माणसं त्याला शिकवतात, यावर ठरेल.

इथे आपलं काम सुरू होतं. नंदिवर्धनच्या काळी ताम्रपट कोरायला राजाज्ञा लागायची. निर्णयसागरच्या काळी कारखाना लागायचा. आज या साधनात आपली भाषा घालायला एक मोबाइल आणि थोडी चिकाटी पुरते. आपल्या बॅचमध्ये शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, ग्रामसेवक आहेत, दोघं वकील आहेत, आमच्यासारखे कळा बडवणारेही आहेत. तेव्हा मेळाव्याला जमू तेव्हा तीन गोष्टी ठरवू या, असं मी सुचवते.

पहिली, ही स्मरणिका छापून झाल्यावर तिचा मजकूर युनिकोडमध्येही जपायचा आणि शाळेच्या ग्रंथालयाला द्यायचा. नुसते पानांचे फोटो नकोत. शिक्षकांनी लिहिलेल्या आठवणी उद्या कुणी शोधल्या तर सापडायला हव्यात. ते काम मी करते.

दुसरी, ज्यांच्या घरी आई-वडील, आजी आहेत, त्यांनी त्यांच्या बोलण्यातून अर्धा-अर्धा तास ध्वनिमुद्रित करावा. लग्नातली गाणी, धानाची रोवणी, गडावरची त्रिपुरी पौर्णिमेची जत्रा, काहीही. 'शुद्ध बोला' असं त्यांना सांगू नका. देवलापारकडच्या मित्रांनी गोंडीत केलं तर ते सगळ्यात मोलाचं. आणि ज्यांचा आवाज आहे त्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊनच ते कुठे द्यायचं हे ठरवू.

तिसरी, मोडी कागद. पेटीच्या तळाशी असतील तर येताना घेऊन या. मूळ कागद आणू नका, चांगल्या उजेडात काढलेले फोटो आणा. नागपूरला मोडी वाचणारे जाणकार आहेत, त्यांना एका रविवारी रामटेकला बोलावण्याची जबाबदारी कुणीतरी घ्यावी. कागद खरेदीखताचा निघेल, सावकारीचा निघेल, की पणजीच्या माहेरचं पत्र निघेल, ते वाचल्यावरच कळेल.